राशीचे वाटेकरी

वसंत ऋतूची थोरवी गाताना कवींनी आम्रमोहर, कोकिळा आणि मंद वारा यांना मानाची जागा दिली आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याचा वसंत याहून थोडा निराळा असतो. बांधावरचा पळस फुललेला आणि मोहर गळून आंब्याला बारीक कैऱ्या धरलेल्या त्याला दिसत नाहीत असे नाही. पण त्याचे मन त्या दिवसांत खळ्यावर गुंतलेले असते. रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा, करडई यांची मळणी होऊन धान्य घरात येते ते फाल्गुन-चैत्रात. गड्यांची साले संपतात ती चैत्र-वैशाखात. लेकी माहेरी येतात त्या ह्याच सुमारास, आणि पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते तीही ह्याच ऋतूच्या शेवटी. म्हणून शेतकऱ्याच्या घरी वसंत हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचा ऋतू होय.

हा हिशेब केवळ रुपये, आणे, पैशांचा नव्हे. वर्षभर ह्या शेतात कोणी काय घातले आणि कोणाचे काय देणे राहिले, हा खरा हिशेब. ज्या घरात आजोबा, मुलगा आणि नातू एकाच जमिनीवर जगले, त्या घरावर तर पुष्कळांचे ऋण असते. कृतज्ञता हा शब्द आपण बहुधा देवघरापुरता राखून ठेवतो; हात जोडले, नैवेद्य दाखविला, म्हणजे ऋण फिटले असे मानतो. आमच्या मते शेतकरी कुटुंबात कृतज्ञतेचा अर्थ एकच आहे, व तो म्हणजे वाटा. ज्याचे ऋण आहे त्याचा वाटा राशीतून बाजूला काढावा आणि तो मान राखून त्याच्या हाती पोचवावा. वसंतातील आपले सणवार नीट न्याहाळले तर ते हेच शिकवितात असे दिसून येईल.

खळ्यावरचा देव

यंत्रे येण्यापूर्वी खळे करणे हा एक सोहळाच असे. जमीन ठोकून, शेणाने सारवून, मध्यभागी तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात फिरवीत. वारा सुटला की वावडीवर उभे राहून उफणणी चाले आणि खाली धान्याची रास वाढत जाई. रास पुरी झाली म्हणजे तिची पूजा होई, नारळ फुटे, आणि मगच मापास हात लागे. पहिले माप मोजताना 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणावयाचे, ही चाल अजूनही पुष्कळ जुन्या माणसांच्या तोंडी आहे. त्या एका शब्दात आमच्या वाडवडिलांची सारी श्रद्धा साठविलेली आहे. पहिले माप माझ्या कर्तबगारीचे नव्हे. ते मला लाभलेले आहे. पाऊस मी पाडला नाही, दाण्यात दूध मी भरले नाही. माझ्याकडे मेहनत होती, ती मी केली. दुसऱ्या मापापासून मोजणी करावयास हरकत नाही, पण पहिले माप मोजणीच्या बाहेरचे आहे.

शेतकऱ्याची श्रद्धा ही अशी कामातून आलेली असते. सोलापूर जिल्ह्यातील अरण गावचे संत सावता माळी यांचे उदाहरण ह्या बाबतीत आम्हांस नेहमी आठवते. त्यांनी १२९५ साली देह ठेवला. आपला मळा सोडून त्यांनी पंढरीची वाट धरली नाही, विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, अशी परंपरा सांगते. आणि पंढरपूरहून देवाची पालखी अरणला भेटीस जाते. पाण्याची पाळी चुकवून केलेली भक्ती आणि वाफ्यात पाणी सोडताना केलेली भक्ती यांत देवाने कोणती पत्करली, ह्याचा निवाडा मराठी मनाने सातशे वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे.

पूर्वी राशीतून ग्रामदेवतेचा, मग बलुतेदारांचा वाटा निघे. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट यांनी वर्षभर केलेल्या कामाचा मोबदला खळ्यावरच मिळे. कापणीनंतर शेतात राहिलेला सरवा वेचण्यास गोरगरिबांना मनाई नसे. 'आपली रास ही एकट्याची नसते' हा धडा पोरासोरांना खळ्यावर आपोआप मिळे.

परंतु ह्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच खळ्यावर कोणी उभे राहावयाचे आणि कोणी दूर थांबावयाचे, हे जातीवरून ठरत असे. ज्यांच्याकडून गावाने अहोरात्र राबणूक करून घेतली त्यांच्या पदरात वाटा पडे तो उपकार म्हणून, आणि पुष्कळदा शेवटचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाच्या ह्या जाचाविरुद्ध १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. ह्यावरून घ्यावयाचा बोध असा की, वाटा देताना देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याची मान खाली असेल, तर ती कृतज्ञता नव्हे. कृतज्ञ माणूस देणे देतो, भीक घालीत नाही.

पाडवा आणि घरचा गडी

चैत्र शुद्ध प्रतिपदेस दारी गुढी उभी राहते, कडुलिंबाचा पाला गुळाबरोबर खाल्ला जातो, आणि गावचा जोशी नव्या पंचांगातील पर्जन्याचे भाकीत वाचून दाखवितो. हवामान खात्याचा अंदाज हाताशी असलेल्या आजच्या शेतकऱ्यास त्या भाकिताची मातब्बरी वाटणार नाही. पण त्या निमित्ताने सारा गाव एकत्र बसून येत्या पावसाळ्याचा विचार करीत असे, ही गोष्ट लहान नव्हे.

मराठवाड्यात व विदर्भात पाडव्याला आणखी एक महत्त्वाचे काम असते. सालगड्याचे जुने साल ह्या दिवशी संपते आणि नवे ठरते. खानदेशात हाच व्यवहार आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस होतो आणि गड्यास तेथे सालदार म्हणतात. सालाची रक्कम, धान्य, पायताण, घोंगडे, सणाची सुट्टी अशा बोली करून माणूस वर्षभरासाठी घरात येतो. घर म्हणजे केवळ रक्ताचे नातेवाईक नव्हेत. पहाटे बैलांना वैरण टाकणारा, रात्री भाराची वीज आली की अंधारात मोटार सुरू करावयास जाणारा आणि सापा-किरड्याच्या भीतीने काठी आपटीत बारे देणारा जो माणूस, त्याचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नसते. मालकाच्या तीन पिढ्या ज्या जमिनीवर नांदल्या, त्याच जमिनीवर गड्याच्याही दोन-तीन पिढ्या राबल्याची घरे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. परंतु एका बाजूच्या पिढ्यांस वारसा मिळाला आणि दुसऱ्या बाजूच्या पिढ्यांस उचलीचा आकडा मिळाला, असे घडलेले आम्ही पाहिले आहे.

म्हणून पाडव्याच्या हिशेबाविषयी दोन शब्द स्पष्ट लिहावेसे वाटतात. साल संपले त्या दिवशी बाकी पुरी चुकती करावी. 'माल विकला की देतो' हे उत्तर गड्याच्या चुलीला कळत नाही. ठरलेल्या गोष्टी वहीत लिहून त्याला वाचून दाखवाव्यात. आजारपणाचे दिवस खाड्यात धरताना आपल्या मुलाच्या आजारपणात आपण किती खाडे धरतो, ह्याचा विचार करावा. आणि उचल देऊन माणसाला बांधून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याने गुन्हा आहे, हे ध्यानात असू द्यावे. ज्या घरी गड्याची मुले गुढी उतरल्यावर साखरेची गाठी घेण्यास निःशंकपणे येतात आणि जूनमध्ये शाळेत जातात, त्या घराचा पाडवा खरा.

चैत्रगौर आणि घरची लक्ष्मी

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर पाळण्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत पुष्कळ घरांतून हळदीकुंकू चालते. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरावयाची, कैरीची डाळ आणि पन्हे द्यावयाचे. ह्या साऱ्या साहित्याकडे शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहावे. हरभरा नुकताच खळ्यावरून आलेला, कैरी बांधावरची, हळद नुकतीच काढून शिजवून वाळविलेली. शेतीच्या हंगामातील पहिला माल गौरीपुढे येतो आणि तो बायकांच्या ओटीत पडतो. ह्या प्रथेत सहज बोलून दाखविलेले एक सत्य आहे: ही शेती स्त्रियांची आहे.

बी राखण्याचे उदाहरण घ्या. राशीला हात लावण्यापूर्वी भरदार कणसे निवडून बाजूस काढणे, ती उन्हात वाळविणे, राख व कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात बंद करणे, आणि पुढील पेरणीपर्यंत घरातल्या कोणाला त्यास हात लावू न देणे, हे काम पिढ्यानपिढ्या आज्या व सुना करीत आल्या. उपासाचे दिवस आले तरी बियाण्याचे मडके फुटत नसे. मोहोळच्या केंद्रावर मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारीची प्रसिद्ध निवड करण्यात आली, ती गावोगाव राखलेल्या मालदांडीतूनच. अगदी अलीकडे, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भाजीपाला व धान्यांची शेकडो देशी वाणे जतन केली, म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राहीबाई शाळेत गेलेल्या नाहीत. हे ज्ञान त्यांना घरच्या शेतीतून मिळाले. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांनाही अक्षरओळख नव्हती, पण पेरणी, कापणी, मळणी, उफणणी ह्या शेतकामांवर त्यांनी रचलेल्या ओव्या १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या, आणि शेतकऱ्याच्या घरातील श्रद्धा म्हणजे काय हे शिकलेल्या महाराष्ट्राने त्यांच्याकडून समजून घेतले.

असे असूनही राशीच्या हिशेबात ह्या लक्ष्मीचा वाटा कोठे आहे? २०१५-१६ च्या शेतीगणनेप्रमाणे देशातील एकूण शेती-खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. खुरपणी, वेचणी, काढणी, जनावरांचे शेणपाणी यांत त्यांचा हात किती, हे वाचकांस सांगावयास नको. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' नावाची मोहीम चालविली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन आपल्या पत्नीच्या नावे जमिनीचा तुकडा करून दिला. त्या मोहिमेचे मर्म हेच होते की, घरच्या लक्ष्मीचे देणे आधी फेडावे आणि मग सरकारकडे आपले मागणे मागावे. ज्याने घरात न्याय केला त्याच्या तोंडी न्यायाची मागणी शोभते.

आखाजीची घागर

वैशाख शुद्ध तृतीयेस खानदेशात आखाजीचा सण दिवाळीच्या तोलाने होतो. नवी मातीची घागर पाण्याने भरून, तिच्यावर लहान भांडे ठेवून त्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या मांडतात आणि गेलेल्या माणसांची नावे घेऊन तिची पूजा करतात. भर उन्हाळ्यात पितरांस द्यावयाचे ते दान सोन्याचांदीचे नव्हे, थंड पाण्याचे. पाणी हेच जेथे सर्वांत मोठे धन, त्या प्रदेशातील शेतकऱ्यास ह्याहून योग्य तर्पण सुचले नसते.

पितरांचे ऋण कशात असते, हे त्या दिवशी शिवारात एक फेरी मारली तर दिसते. ज्या विहिरीवर आज वीजपंप चालतो, तिचा पहिला खडक पणज्याने सुरुंगाशिवाय, पहारीने फोडलेला असतो. ज्या आंब्याच्या सावलीत आपण भाकरी सोडतो, त्याची कोय लावणाऱ्याने त्याचे फळ फार वर्षे खाल्ले नसेल. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्या-आजोबांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली; त्याच वर्षांत महाराष्ट्रात रोजगार हमीची योजना उभी राहिली. ते तलाव खोदणाऱ्यांना त्यांचे पाणी दुष्काळ सरल्यावर दिसले. पण कित्येक विहिरींना आजही त्यांचा पाझर आहे. ज्यांनी उपाशीपोटी माती वाहिली त्यांच्या नावाने भरलेली घागर रिकामा उपचार होऊ नये, असे वाटत असेल तर त्या तलावातील गाळ काढणे ही आखाजीची खरी पूजा ठरेल. उन्हाळ्यात तलाव कोरडा असतो, बैलगाडी-ट्रॅक्टर मोकळे असतात आणि तो गाळ हलक्या रानात टाकला तर रानही सुधारते.

आखाजीलाच सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात आणि भाऊ यथाशक्ती साडीचोळी करतो. येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. महाराष्ट्राने १९९४ साली, आणि देशाने २००५ साली, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील उरलेली शंकाही दूर केली. तेव्हापासून माहेरी आलेल्या बहिणीस सणाचे गोडधोड खाऊ घालावे आणि त्याच मुक्कामात तिला कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घ्यावी, असा प्रकार कित्येक गावांत चालू आहे. बहिणीने समजून-उमजून, भावाची गरज पाहून आपला हिस्सा सोडला तर ते तिचे औदार्य होय, आणि त्यास कोणी नाव ठेवणार नाही. परंतु सोडावयाचे काय आहे हे तिला आधी सांगितलेच नाही, किती एकर, कोणते गट, आजची किंमत काय, ह्याचा शब्दही काढला नाही, तर ते दान नव्हे. साडीच्या घडीत हक्क गुंडाळून घेणे हे पितरांना रुचेल असे आम्हांस वाटत नाही. त्यांची ती लेकच आहे.

जमीन घटते, वारस वाढतात

येथे वाचक म्हणतील की, वाटे सांगणे सोपे आहे; पण वाटण्यास जमीन उरली आहे कोठे? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला बगल देता येत नाही. पुणे शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर गावाची बारकाईने पाहणी करून १९१७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्या गावात सरासरी खाते १७७१ साली ४० एकर होते. १८१८ साली ते साडेसतरा एकरांवर आले. १८२० ते १८४० च्या दरम्यान १४ एकर राहिले. आणि १९१४-१५ साली अवघे ७ एकर उरले. आज ते गाव पिंपरी-चिंचवड महानगरात सामावून गेले आहे आणि जेथे बागायत होती तेथे इमारती उभ्या आहेत. साऱ्या महाराष्ट्राची कथा याच दिशेने चालली आहे. १९७०-७१ च्या शेतीगणनेत राज्यातील सरासरी वहिवाट ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टर भरली. १९४७ साली तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा झाला, पण कायद्याने तुकडा थांबला नाही. कागदावर न झालेली वाटणी बांधावर होतच राहिली.

आमचे म्हणणे असे की, वाटणी हे पाप नव्हे आणि एकत्र राहणे हेच काही पुण्य नव्हे. भाऊ-भाऊ एका ताटात न जेवले तरी चालेल. पण काही वस्तू अशा असतात की त्यांची वाटणी होऊच शकत नाही. विहीर फाडून वाटता येत नाही, ओढा मोजून देता येत नाही, बांधावरचा आंबा उभा चिरता येत नाही. ज्या घरांनी मालकी वाटली पण विहिरीची पाळी, शिवाराचा रस्ता, औजारे आणि विक्री सामायिक ठेवली, ती घरे दोन-दोन एकरांवरही उभी राहिली. ज्यांनी विहिरीच्या पाळीवरून कोर्टाची पायरी चढली, त्यांच्या दोन पिढ्या तारखांत गेल्या आणि विहीर गाळाने भरली. बहिणीचा वाटा द्यावयाचा म्हणजे बांध घालून तिचा तुकडा तोडावा असेही नाही. तिच्या नावाची नोंद राहू द्यावी, कसणाऱ्या भावाने तिला दरसाल उत्पन्नाचा ठरलेला भाग पोचवावा, अशी समजूत कित्येक सुजाण घरांतून झालेली आम्ही पाहिली आहे. तेथे जमीनही राहिली आणि माहेरही राहिले.

भूमीचा वाटा

सर्व वाटेकऱ्यांत मुकी अशी एकच आहे, आणि ती म्हणजे स्वतः भूमी. आपण धान्य नेले, कडबा नेला, पऱ्हाटीच्या काड्या नेल्या, आणि राहिलेल्या धसकटांना काडी लावली, तर तिच्या पदरात काय पडले? आमच्या काळ्या रानांत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण पुष्कळ ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेले आहे, असे मातीच्या परीक्षणात दिसून येते. जनावरे कमी झाली, म्हणून शेणखत कमी झाले. शेणखत कमी झाले, म्हणून जमीन घट्ट झाली. जमीन घट्ट झाली, म्हणून पाऊस मुरेनासा झाला. कोरडवाहू रानास हेक्टरी ५ टन, म्हणजे दहा-बारा गाड्या कुजलेले शेणखत द्यावे, अशी शिफारस कृषी विद्यापीठे करीत आली आहेत. तेवढे ज्यास जमत नसेल त्याने दरसाल एक-एक तुकडा धरून पाळीने खत द्यावे, ताग किंवा धैंचा गाडावा, पालापाचोळा कुजवावा. निदान काडी लावू नये. राशीची पूजा करून त्याच रात्री शेत पेटविणे म्हणजे आईच्या पाया पडून तिच्या पदराला विस्तव लावण्यासारखे आहे.

वाईट सालातील कृतज्ञता

हे सर्व चांगल्या सालास शोभते. पण रासच पडली नाही तर? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रावर गारांचा असा मारा झाला की, उभा गहू, हरभरा, ज्वारी झोपली, द्राक्षाचे मांडव कोसळले, जनावरे दगावली. त्या साली पाडवा आला तेव्हा पुष्कळ घरांत एकच प्रश्न होता, गुढी उभारावी काय? बहुतेकांनी उभारली. त्यामागे आंधळा दैववाद होता असे आम्ही म्हणणार नाही. कडुलिंबाचा कडू पाला आपण गुळाबरोबरच खातो. कडू गिळून वर्ष सुरू करावयाचे असते, हे त्या चालीतच सांगून ठेवले आहे.

तथापि कृतज्ञतेचा अर्थ मुकाट्याने सोसणे असा कोणी केल्यास तो आम्हांस मान्य नाही. देवाचे आभार मानणारा शेतकरी व्यापाऱ्याच्या मापातील खोट चालवून घेण्यास बांधलेला नाही. नुकसानीचा पंचनामा मागणे, मालास वाजवी भाव मागणे, हा त्याचा हक्क आहे. श्रद्धा माणसास उभी करते, वाकवीत नाही. आणि श्रद्धेची सर्वांत मोठी कसोटी अशा साली घरात लागते. कर्जाचा बोजा एकट्या कर्त्या पुरुषाने मनात ठेवून कुढावे आणि बायकोमुलांस काही कळू नये, ह्या रीतीने आमच्या समाजातील किती घरे अंधारात गेली, हे आठवले म्हणजे मन विदीर्ण होते. जसा राशीत सर्वांचा वाटा, तसाच संकटातही. घरातील वडील माणसांनी दुष्काळ पाहिले आहेत. त्यांचा अनुभव विचारावा. बायकोला सोसायटीचा आणि सावकाराचा आकडा सांगावा. ज्या घरात आकडा सर्वांना ठाऊक असतो, त्या घरात तो कोणा एकाचा जीव घेत नाही.

चैत्रात करावयाच्या गोष्टी

लेख वाचून पान उलटण्यापूर्वी वाचकांनी पुढील गोष्टी आपल्या घरी ताडून पाहाव्यात, अशी विनंती आहे.

१. सातबाऱ्याचा ताजा उतारा काढून घरातील सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावा. वारलेल्या आजोबांचे नाव अजून त्यावर असेल, तर वारसनोंद ह्याच उन्हाळ्यात करून घ्यावी. नोंद नसली म्हणजे कर्ज, मदत, मोबदला सारेच अडते.

२. वाटणी करावयाची असल्यास सर्व हिस्सेदारांच्या, म्हणजे बहिणींच्याही, संमतीने करावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ८५ अन्वये तहसीलदारांकडे अर्ज करून ती कागदावर आणता येते. विहिरीची पाळी व रस्ता त्याच वेळी लिहून ठेवावा.

३. सालगड्याचा जुना हिशेब चुकता करूनच नवे साल ठरवावे.

४. घरच्या बियाण्याची उगवण पाहावी. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. सोयाबीनचे सत्तर दाणे उगवले तर बी पेरण्यास योग्य समजावे. हे काम आजीच्या हाताखाली नातवंडांनी करावे, म्हणजे बी आणि विद्या दोन्ही टिकतील.

५. धसकटे न जाळता नांगरट करावी; तलावाचा गाळ व शेणखत पावसाळ्यापूर्वी रानात पडेल अशी गाड्यांची सोय आताच करावी.

६. बांधावर एक तरी झाड असे लावण्याचे ठरवावे की ज्याचे फळ आपल्याला नव्हे, नातवाला मिळेल. खड्डे चैत्रात घेऊन तापू द्यावेत, रोप पहिल्या पावसात लावावे.

ह्या साऱ्या गोष्टी देवपूजेच्या यादीत कोणी घातलेल्या नाहीत. परंतु पणज्याची विहीर, आजीचे बी, गड्याची पाळी आणि भूमीचा कस यांवाचून ज्याच्या राशीत एक दाणाही पडला नसता, त्या शेतकऱ्यास पूजेचा ह्याहून निराळा विधी आम्ही काय सांगावा? माप मोजताना पहिल्यास 'लाभ' म्हणावे आणि उरलेली मापे मोजताना ती कोणाकोणाची आहेत हे विसरू नये. एवढे साधले तर ह्या वसंतात घर आपले, शेत आपले आणि देवही आपलाच आहे.